गेटवरचं कार्ड आणि मामांच्या फेऱ्या

मला यंत्रांच्या मरणाचे आवाज काढता येतात. जुना पंखा जायच्या आधी महिनाभर कुईंकुईं करतो, मिक्सर घर्रर्र करून एकदम गप्प होतो, जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क टक… टक… टक… करत जाते, म्हातारं माणूस काठी टेकत जिना उतरतंय तशी. शाळेत मी हेडमास्तरांपासून एसटीच्या गिअरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो, मार खायचो आणि मार खातानाचा माझाच आवाज नंतर मधल्या सुट्टीत काढून दाखवायचो. पण मेमरी कार्ड मरतं त्याची नक्कल करता येत नाही. नखाएवढं ते कार्ड मरतं, तरी विचारलं की बोलतं, मी बरा आहे.

मी वडूजला शिकलो, आयटीआय केलं आणि नवी मुंबईत एका कंपनीत लागलो. कंपनी म्हणजे जुईनगरला झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, मालक आणि आम्ही दोन पोरं. राहायला घणसोली गावात, एका खोलीत चौघं. काम काय, तर सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनच्या फेऱ्या नोंदवायचं मशिन बसवायचं, आणि ते बंद पडलं की जाऊन चालू करायचं. दुसरं काम जास्त.

मशिन तसं साधं. वॉचमनच्या हातात एक कांडी देतात, टॉर्चएवढी. सोसायटीत ठिकठिकाणी, गच्चीच्या दाराशी, पंपरूमला, मागच्या भिंतीला, रुपयाएवढी लोखंडी बटणं स्क्रूने बसवलेली असतात. रात्री फिरताना वॉचमनने प्रत्येक बटणाला कांडी टेकवायची, की ती ‘टुक’ करते. सकाळी कांडी केबिनमधल्या खोक्यात उभी करायची. खोक्यात पत्त्यांच्या कॅटएवढा एक छोटा कॉम्प्युटर असतो, म्हणजे नुसता एक हिरवा बोर्ड. तो कांडीतलं सगळं ओढून घेतो, कांडी रिकामी करतो आणि स्क्रीनवर हिरवी टिक दाखवतो. ओढलेलं सगळं जाऊन बसतं बोर्डात खोचलेल्या मेमरी कार्डावर. पाहिजे तेव्हा सेक्रेटरी तिथून रिपोर्ट काढतात. नेटवरून परस्पर पाठवायचंही पॅकेज होतं, पण त्याला वेगळे पैसे म्हटल्यावर सोसायट्या विचारायच्या, “कार्ड आहे ना? मग झालं.”

कार्ड आहे हो. पण कार्डावर किती वेळा लिहायचं यालाही मर्यादा असते, हे सांगून कुणाला पटत नाही. शाळेच्या वहीत एकाच जागी लिही-खोड, लिही-खोड केलं की शेवटी कागदाला भोक पडतं, तसंच ते. आणि या बोर्डाला सारखं काहीतरी लिहायची खोड. आत्ता वाय-फाय आलं, आत्ता गेलं, आत्ता मी तापलो. कुणी वाचत नाही तरी लिहितोय. त्यात लिहिता लिहिता लाईट घालवली तर आणखी वाट लागते. चांगलं कार्ड वर्षानुवर्षं टिकतं. आमचे मालक मुंबईतल्या एका गल्लीतून मूठभर कार्डं एकदम आणायचे, पाकिटावर नाव मोठं, आत काय देव जाणे. ती लवकर दमायची.

दमली की आमची पद्धत ठरलेली. नवं कार्ड घ्यायचं, जुन्यावरचं जेवढं वाचता येतंय तेवढं नव्यावर उतरवायचं, नवं खोचायचं आणि जुनं पकडीत धरून तिथल्या तिथं मोडायचं. सोसायटीची माहिती बाहेर जायला नको म्हणून. सोसायटीला सांगायचं, रीस्टार्ट केलंय, आता चालेल. कार्ड खराब होतं असं चुकूनही बोलायचं नाही. मालक म्हणायचे, “अरे, डॉक्टर कधी पेशंटला सांगतो का, माझीच गोळी खराब होती म्हणून?”

सीवूड्सच्या एका सोसायटीत रात्रपाळीला जे वॉचमन होते त्यांना सगळे मामा म्हणायचे. दहिवडीकडचे. मी पहिल्यांदा मशिन बसवायला गेलो तेव्हा माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं होतं, “कुठलं रं तू?”

“वडूज.”

“मंग भाचाच की. बस, च्या घे.”

तेव्हापासून त्या सोसायटीत काम निघालं की मीच जायचो. मामांची मिसेस, म्हणजे आपोआप आमची मामी, तिथंच तीन-चार घरी पोळ्या करायची. मुलगी दहावीला, समोरच्याच शाळेत. तिघं राहायची पंपरूमच्या मागच्या खोलीत. खोली सोसायटीची, नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी आहे तोवर खोली, हे मामा प्रत्येक वेळी सांगायचे. पंप चालू झाला की भिंत थरथरायची, आणि मुलगी कानात कापूस घालून पाठांतर करायची. मी पंपाचा आवाज काढला की ती हसायची आणि म्हणायची, “दादा, एक बंद होत नाही, तोवर दुसरा कशाला?”

सोसायटीत मला सगळे ओळखायला लागले ते गणपतीमुळे. कल्चरल प्रोग्राममध्ये एक माणूस कमी पडत होता, कुणीतरी बोललं, तो मशिनवाला पोरगा आवाज काढतो. मला स्टेजवर ढकललं. मी पंपाचा आवाज काढला, लिफ्टमधल्या बाईचा काढला, आणि टाळ्या पडायला लागल्यावर जरा चढलीच. मी सेक्रेटरी साहेबांचा आवाज काढला. रिटायर्ड माणूस, उंच, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, आणि प्रत्येक वाक्याला ‘बेसिकली’. “बेसिकली, लिफ्टमध्ये नारळ फोडू नये. बेसिकली, बाप्पा सगळ्यांचा आहे, पण पार्किंग ज्याचं त्याचं आहे.” लोक पोट धरून हसले. सेक्रेटरी साहेबपण हसले, पण त्यांचा एक हात तेवढा वेळ खिशातल्या पेनांवर होता. त्यानंतर मी गेटात शिरलो की कुणीतरी वरच्या खिडकीतून ओरडायचं, “ए, बेसिकली कर ना!”

आता लाईटचं सांगतो, कारण सगळं तिथं अडलंय. त्या सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने आमच्या खोक्याला लाईन दिली होती गेटच्या दिव्यांच्या स्विचवरून. आणि सेक्रेटरी साहेबांचा कडक नियम, उजाडलं की गेटचे दिवे बंद. म्हणजे रोज सकाळी मामा कांडी खोक्यात ठेवायचे, टिक यायची, की लगेच स्विच बंद. बोर्डाला नीट झोपवायचं असतं, असं नरडं दाबून झोपवायचं नसतं. मी बसवतानाच बोललो होतो, वेगळी लाईन द्या. साहेब म्हणाले, “बेसिकली, दिवसा फेऱ्या नाहीत, मग दिवसा मशिन जागं कशाला ठेवायचं?” शेजारी उभ्या असलेल्या कमिटीच्या माणसांनी माना डोलावल्या. वीज वाचते आहे म्हटल्यावर आमच्याकडे कुणीही मान डोलावतो.

दिवाळी तोंडावर आली आणि मागच्या भिंतीजवळून एका पोराची नवी गिअरची सायकल गेली. सेक्रेटरी साहेबांनी रिपोर्ट काढला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसानंतर मशिनमध्ये एकही फेरी नाही. एकही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो रिपोर्ट पडला आणि त्याखाली लोकांनी जे काय लिहायचं ते लिहिलं. गणपती गेले आणि मामा झोपले, असं एकाने लिहिलं. त्याला हसऱ्या तोंडांची रांग लागली. रविवारी मीटिंग ठेवली, मामांना ठेवायचं की काढायचं.

शनिवारी दुपारी मामांचा फोन आला. “आरं भाच्या, म्या रोज फिरतोय रं. टिक बी येती. मामीला इचार, पोरीला इचार.”

“मामीला विचारून काय होणार मामा? कमिटी म्हणेल बायकोच ती.”

“मंग तुझ्या मशिनीला इचार.”

मी ऊन उतरताना पोचलो. मामा आंघोळ करून, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून केबिनच्या बाहेर उभे होते. एरवी ड्यूटी सुरू व्हायच्या वेळेला घालायचे. मी खोकं उघडलं, स्विच दाबला, बोर्ड चालू झाला. स्क्रीनवर तारीख आली. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची.

“ह्ये बघ,” मामा म्हणाले, “रोज सांजच्याला हीच तारीख दावतंय. मंग थोड्या वेळानं सुधारतंय. मला वाटलं त्येची सवयच आसंल.”

या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं. लाईट गेली की वेळ विसरतो, चालू झाला की शेवटची कार्डावर लिहून ठेवलेली वेळ उचलतो, आणि मग वाय-फाय मिळालं की खरी वेळ घेतो. रोज संध्याकाळी तो त्याच तारखेला जागा होतोय, याचा अर्थ त्या तारखेनंतर कार्डावर काहीच टिकलेलं नाही.

मी लॅपटॉप जोडला. एक फाईल बनवली, बनली. उघडून पाहिली, आत होती. लाईट बंद करून चालू केली. फाईल नाही. मग उलटं केलं. एक जुनी फाईल पुसली, गेली. बंद, चालू. फाईल परत हजर. लिहिलं तर राहत नव्हतं, पुसलं तर जात नव्हतं. काही कार्डं दमली की कुलूप लावून घेतात, वाचा म्हणतात, लिहू नका म्हणतात. तसं करणारं कार्ड त्यातल्या त्यात सभ्य, निदान बोर्ड एरर तरी दाखवतो. आमचं हे गल्लीतलं कार्ड प्रत्येक वेळी हो हो, लिहिलं म्हणत होतं. बोर्ड बिचारा विश्वास ठेवून टिक दाखवत होता, कांडी रिकामी करत होता, आणि मामा स्विच बंद करत होते. स्विच बंद झाला की रात्रभराच्या फेऱ्या गेल्या.

“मामा, सुटलात तुम्ही!” मी केबिनमध्ये जवळजवळ नाचलोच. “हे कार्ड खोटारडं आहे. उद्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दाखवतो.”

“आत्ताच दाव की.”

“आत्ता कुणाला दाखवू? उद्या सगळे असतील.”

मामांनी मामीला हाक मारली. “ऐकलंस का, मशिन बिघडलंय म्हनं!” मशिन बिघडलं म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी परत पाहिलेला नाही.

स्टेशनकडे चालता चालता मी मालकांना फोन लावला. सगळं सांगितलं, कार्ड काढलेलं नाही तेही सांगितलं, उद्याचा प्रयोग सांगितला. मजा म्हणून सेक्रेटरींच्या आवाजात सांगितलं, “बेसिकली, आपलं कार्ड बाद झालेलं आहे.” मालक हसले. म्हणाले, “भारी काढतोस रे आवाज. बरं, टेन्शन घेऊ नकोस. बघतो.”

मीटिंग क्लबहाऊसमध्ये होती, रविवारी संध्याकाळी. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलाच्या मागे सेक्रेटरी साहेब आणि खजिनदार बाई, बाकी तीस-चाळीस लोक. मामा दाराशी उभे. त्यांना बस कुणी म्हटलं नाही. मी आमचं खोकं केबिनमधून काढून टेबलावर आणून ठेवलं, मोठा स्क्रीन जोडला. एका काकांनी लगेच सुरुवात केली, “अरे आधी एकदा बेसिकली होऊ दे!”

खरं तर तिथंच गप्प राहायला पाहिजे होतं. पण टाळी वाजली की माझं तोंड आपोआप उघडतं. मी थोडंसं केलं. लोक हसले, खुर्च्या पुढे सरकल्या, वातावरण हलकं झालं. मला वाटलं, बरंय, आता ऐकून घेतील.

“तर लोकहो,” मी म्हटलं, “हे मशिन काय करतं बघा. मी यात एक शब्द लिहितो. मॅडम, तुम्हीच सांगा एक शब्द.”

खजिनदार बाई लाजल्या. “काय सांगू रे बाबा… मोदक.”

मी मोठ्या अक्षरात लिहिलं, मोदक. सेव्ह केलं. “झालं सेव्ह? सगळ्यांनी पाहिलं? आता मी लाईट बंद करणार, जशी मामा रोज सकाळी करतात. परत चालू केली की मोदक गायब. आणि जसा मोदक गायब, तशाच मामांच्या फेऱ्या गायब.”

मी पिन काढली, जादूगारासारखा हात हवेत फिरवला, पिन लावली. बोर्ड चालू व्हायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात मी ढोलाचा आवाज काढला. पोरं खिदळली.

स्क्रीन आला. मोदक.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून एक बाई ओरडल्या, “मोदक आहे!” आणि सगळं क्लबहाऊस फुटलं. कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी “वन्स मोअर” ओरडतंय. त्यांना वाटलं हाच जोक. मी परत लिहिलं, परत पिन काढली, परत लावली. या वेळी ढोल नाही, काही नाही. मोदक. तारीखसुद्धा त्याच दिवसाची, रविवारची.

“अरे, जादू उलटी झाली याची!”

मी दाराकडे पाहिलं. मामा हसत होते. सगळे हसताहेत म्हटल्यावर आपलं काम झालं असणार, असं वाटलं असेल त्यांना.

मी म्हटलं, “थांबा, काहीतरी गडबड आहे. काल हे होत नव्हतं. मी स्वतः पाहिलंय. खरंच सांगतो, कार्ड खराब होतं.” मी हे अगदी मनापासून बोललो, आणि पहिल्या रांगेतल्या काकांनी मांडीवर थाप मारली. “बघा, बघा, रडवेला आवाज पण काय काढतो!”

सेक्रेटरी साहेब हसत नव्हते. “झालं तुझं? बेसिकली, मशिन उत्तम चालतंय हे तूच सगळ्यांसमोर दोनदा सिद्ध केलंस. थँक यू.” मग दाराकडे वळून, “बोला मामा, तुम्हाला काय म्हणायचंय?”

“सायब, म्या फिरत हुतो.”

“मग मशिन खोटं बोलतं का?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याकडे पाहत होतो. हात वर झाले. मोजायचीसुद्धा गरज पडली नाही. पुढच्या महिन्याच्या आत खोली रिकामी करायची ठरलं.

बाहेर आल्यावर मी खोक्याची पाठ उघडली. आत नवंकोरं कार्ड. काल जे होतं त्याच्यावर मी बसवतानाच मार्करने ठिपका दिला होता, याच्यावर ठिपका नव्हता.

“मामा, दुपारी कोण आलं होतं?”

“तुजं सायब आलतं की. जेवनवक्ताला. म्हनलं दुरुस्त करतो, म्या म्हनलं लय उपकार झालं. च्या बी पाजला.” मग हळू आवाजात, “का रं? दुरुस्त न्हाई झालं व्हय?”

“झालं मामा. दुरुस्त झालं.”

दुरुस्त झालं म्हणूनच तर बुडालो होतो. मालकांनी आमच्या पद्धतीप्रमाणे जुन्या कार्डावरचं सगळं नव्यावर उतरवलं होतं. म्हणजे रिपोर्टमधला तो मोठा खड्डा जसाच्या तसा, आणि कार्ड मात्र ठणठणीत. माझ्या सांगण्याचा पुरावा तेवढा गेला.

सोमवारी ऑफिसात शिरल्या शिरल्या मी विचारलं, “जुनं कार्ड कुठंय?”

मालक लॅपटॉपमधून वर न बघता बोलले, “मोडलं. नियमच आहे ना आपला.”

“तुम्हाला सांगितलं होतं मी, ते तसंच ठेवायचंय म्हणून.”

“आणि चाळीस लोकांसमोर दाखवणार होतास, आपलं मशिन फेऱ्या खातं म्हणून? त्यातला एकेक जण दुसऱ्या सोसायटीतल्या साडूला सांगणार. सगळ्या सोसायट्यांत तीच कार्डं आहेत आपली.” मग त्यांनी वर पाहिलं, आणि आवाज मऊ केला. “अरे, वॉचमनला दुसरी नोकरी मिळते. कंपनी बंद पडली तर तुला कोण देणार?”

मालक वाईट माणूस नाहीत हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. वाईट असते तर शिव्या देऊन बाहेर पडलो असतो. त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या खोलीच्या डिपॉझिटसाठी पैसे पुढे केले होते.

मी संध्याकाळी एकटाच सेक्रेटरी साहेबांच्या घरी गेलो. नक्कल नाही, जोक नाही, शर्ट इन करून. त्यांनी सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. घड्याळ नसलेल्या बोर्डाचं सांगितलं, रोज त्याच तारखेला जागं व्हायचं सांगितलं, स्विचचं सांगितलं. त्यांनी शांतपणे फोन उचलला, मालकांना लावला आणि स्पीकरवर टाकला.

“साहेब,” स्पीकरमधून मालकांचा आवाज आला, “पोरगा मनाने चांगला आहे हो. पण ते वॉचमन त्याच्याच गावाकडचे ना. मामा-भाचे झालेत दोघं. समजून घ्या.”

सेक्रेटरी साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, अगदी प्रेमाने. “बेसिकली, मला तुझं कौतुक वाटतं. गाववाल्यासाठी इतकं कोण करतं आजकाल?” दारापर्यंत सोडायला आले. लाडूही दिला, दिवाळीचा. मी तो जिन्यातच खाल्ला, कारण दुपारपासून काही पोटात नव्हतं, आणि लाडू चांगला होता याचीसुद्धा मला चीड आली.

मामा भाऊबीज झाल्यावर गेले. त्यांचं सामान एका टेम्पोत अर्ध्यावर संपलं. मामी गावाला गेली, शेळ्या बघायला. मुलगी कोपरखैरण्याला मावशीकडे ठेवली, दहावी होईपर्यंत. तिथं एका खोलीत सहा माणसं आणि टीव्ही कायम चालू. मामांना उलव्यात एका बांधकामावर रात्रीचं काम मिळालं. झोपायला सिमेंटच्या गोण्यांशेजारी जागा. टेम्पो निघताना मी म्हटलं, “मामा, माझंच चुकलं. तिथं नाटक करायला नको होतं.”

“तुजं कशापायी? तू चांगला बोलला. लोकास्नी आवडलं बी.” मग टेम्पोच्या फळीला धरून वर चढताना म्हणाले, “येक सांगू का? मला बी वाटलं हुतं तू गंमतच करतुयास.”

हे एवढं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी त्यानंतर कित्येक दिवस कुणाचाच आवाज काढला नाही. खोलीवरची पोरं विचारायची, “आजारी आहेस का?”

नोकरी मी सोडली नाही. सोडायची होती, पण दुसरी मिळाली नव्हती, आणि सोडून कुणाला काय कळणार होतं? एकच केलं. ज्या ज्या सोसायटीत गेलो तिथं जाऊन आधी बोर्ड बंद-चालू करून तारीख बघायला लागलो. मागची तारीख दिसली की कार्ड बदलायच्या आधी वॉचमनला आणि सेक्रेटरीला दोघांना बोलवून दाखवायचो. मालकांना कळलं तेव्हा तोंड वाकडं केलं, पण काही बोलले नाहीत. पुढे कार्डंही जरा बरी यायला लागली. मामांच्या कामाला त्यातलं काही आलं नाही.

होळीच्या सुमारास सीवूड्सच्या त्याच सोसायटीतून कॉल आला, स्क्रीन फुटला म्हणून. मामांच्या जागी एक तरणा माणूस लागला होता, खोलीही त्यालाच. मी स्क्रीन बदलला आणि रिपोर्ट उघडून पाहिला. बघतच राहिलो. रोज रात्री प्रत्येक बटण, ठरलेल्या वेळेला, मिनिटाचा फरक नाही. एवढ्यात सेक्रेटरी साहेब आले, माझ्या खांद्यावरून डोकावले आणि म्हणाले, “बघितलंस? याला म्हणतात ड्यूटी. बेसिकली, माणूस बदलला की फरक पडतो.”

ते गेल्यावर मी पेचकस शोधायला केबिनचा ड्रॉवर उघडला. आत चहाच्या पावडरचा रिकामा डबा, आणि डब्यात सगळी बटणं. गच्चीचं, पंपरूमचं, मागच्या भिंतीचं. स्क्रूसकट काढून आणलेली. रात्री खुर्चीत बसून मोबाईलवर अलार्म लावायचा, अलार्म वाजला की डब्यातल्या एकेका बटणाला कांडी टेकवायची. टुक, टुक, टुक.

नवा वॉचमन मागे उभा होता. घाबरला नाही. हसला. “दादा, मशिन लय भारी हाय तुमचं. रोज टिक येती.”

मी डबा उचलून सेक्रेटरी साहेबांना गाठलं, लिफ्टपाशीच, आणि झाकण उघडून त्यांच्यासमोर धरला. ते डब्यात बघत राहिले. मग आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकतंय का. “हे ग्रुपवर जायला नको,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बेसिकली विसरले. “परत बसव ती जागच्या जागी. मी त्याला समज देतो.”

“आणि मामांचं?”

“त्यांचं काय आता?” लिफ्ट आली. ते आत गेले.

मी बटणं बसवली, एकेक करून, सगळीकडे. संध्याकाळी मामांना फोन लावला. त्यांना हसवायचं होतं मला, म्हणून नव्या वॉचमनच्या आवाजात सगळं सांगितलं, अलार्मसकट, डब्यासकट, ‘टुक टुक’सकट. लिफ्टपाशी सेक्रेटरी कसे चोरासारखे इकडं-तिकडं बघत होते तेही सांगितलं. चांगली झाली होती नक्कल. पलीकडे मिक्सरमध्ये काँक्रीट फिरत असल्याचा आवाज येत होता.

“मामा? ऐकताय ना?”

“ऐकतोय. खोली त्येलाच दिलीया नव्हं?”

“हो.”

“त्येला सांग, पावसाळ्यात कॉट भितीला लावू नगो म्हनावं. उशाकडं पानी उतरतंय. पोरीची समदी पुस्तकं भिजली हुती मागल्या साली.”

मी सांगतो म्हटलं. पेचकस घेऊन परत जाताना नवा वॉचमन गेटवरच होता, खुर्चीत, मोबाईल बघत. मी त्याला काही सांगितलं नाही.